गाडीचा मोनोग्राम आणि ताग्याचा शिक्का

आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या बाबतीत आमचे ज्ञान बॉनेट उघडून पुन्हा बंद करण्यापलीकडे नाही. तरीही या वेळी या पानावर मोटारीविषयी लिहीत आहोत, त्याला एक कारण घडले.

नाशिकमध्ये द्वारका भागात आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे गाड्यांच्या सामानाचे लहानसे दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, आरसे आणि मोनोग्राम. गाडीच्या पाठीमागे कंपनीचे नाव, मॉडेलचे नाव आणि प्रत दाखविणारी जी चकाकती अक्षरे असतात त्यांना या बाजारात मोनोग्राम म्हणतात. एका जुम्म्याला नमाजनंतर तो आमच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचा, मोनोग्राम चिकटवून देण्याची मजुरी हलाल आहे की नाही?"

आम्ही आधी हसलो. मग त्याने हकीकत सांगितली. काही दिवसांपूर्वी एक माणूस २०१३ सालची स्विफ्ट घेऊन त्याच्या दुकानी आला. गाडी एलएक्सआय, म्हणजे सर्वांत खालच्या प्रतीची. त्याने जुनी अक्षरे काढून झेडएक्सआय ही अक्षरे लावून मागितली. तरुणाने लावून दिली. मोनोग्रामचे अडीचशे आणि मजुरीचे पन्नास, असे तीनशे रुपये घेतले. आठ-दहा दिवसांनी तीच गाडी त्याला जुन्या गाड्यांच्या एका दुकानासमोर उभी दिसली. काचेवर पांढऱ्या रंगाने लिहिले होते, "टॉप मॉडेल". त्यानंतर ती तेथून विकली गेली. कोणी घेतली ते त्याला माहीत नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला टोचत होती.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. आमच्या व्यापारी बंधूंपैकी कितीतरी लोक गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, जुन्या गाड्यांची दलाली या कामांत आहेत. आणि जे या कामांत नाहीत ते माल वाहण्यासाठी किंवा घरच्या माणसांसाठी जुनी गाडी घेतातच. म्हणून आम्ही काही दिवस या विषयाची माहिती गोळा केली. ती येथे देत आहोत.

प्रथम मोनोग्राम म्हणजे काय ते पाहू. तो शोभेचा तुकडा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो एक बयान आहे. ही गाडी कोणी बनविली, तिच्यात काय आहे आणि तिच्यासाठी जामीन कोण, हे तो सांगतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या नाशिकमध्येच घडले आहे. महिंद्र आणि फ्रान्सची रेनॉ या दोन कंपन्यांनी २००५ मध्ये भागीदारी केली आणि २००७ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून लोगान ही गाडी बाजारात आणली. मुळात ही गाडी रेनॉच्या मालकीच्या रुमानियातील डाचिया कंपनीची. तेथे ती २००४ मध्ये आली होती. पुढे हीच गाडी मेक्सिकोमध्ये निसान या नावाने विकली गेली. म्हणजे एकच गाडी, पण मुलुख बदलला की छातीवरचा बिल्ला बदललेला. आपल्याकडे भागीदारी फार चालली नाही. २०१० मध्ये रेनॉ बाजूला झाली, तिचा हिस्सा महिंद्रने घेतला, आणि २०११ मध्ये त्याच गाडीला व्हेरिटो हे नाव मिळाले. पुढच्या जाळीवरचा रेनॉचा चौकोन गेला आणि महिंद्रचे चिन्ह आले. गाडी नाशिकचीच राहिली आणि इंजिनही रेनॉचेच राहिले.

आता कोणी म्हणेल की कंपनीने मोनोग्राम बदलला तर तो धंदा, आणि आमच्या दुकानदाराने बदलला तर तो गुन्हा, हा कुठला न्याय? फरक आहे आणि तो मोठा आहे. महिंद्रने हा बदल जाहीर करून केला. रेनॉशी करार केला, परवाना घेतला, वर्तमानपत्रांत बातमी आली, नव्या गाडीच्या आरसीवर नवे नाव आले आणि त्या गाडीची हमी महिंद्रने स्वतःच्या नावावर घेतली. जो नवा बिल्ला लावतो तो नवी जबाबदारी घेतो. सुझुकीची बलेनो २०१९ मध्ये टोयोटाने ग्लान्झा या नावाने विकायला घेतली, तेव्हा हे स्पष्ट दिसले. गाडी तीच, पण त्या वेळी मारुती बलेनोवर दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटरची हमी देत होती आणि टोयोटा ग्लान्झावर तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची. गिऱ्हाईक त्या बिल्ल्यासाठी पैसे मोजत होता तर त्याच्या बदल्यात त्याला काहीतरी मिळतही होते. द्वारकेच्या दुकानात तीनशे रुपयांत लागलेल्या बिल्ल्याची हमी कोण देतो?

जुन्या पिढीला मुंबईची काळी-पिवळी आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमिअर कंपनीत इटलीच्या फियाटची गाडी बनत असे. सत्तरीच्या दशकात तिचे नाव प्रीमिअर पद्मिनी झाले. पण टॅक्सीवाला, मेकॅनिक, प्रवासी सगळे शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हाही अनेकांच्या तोंडी फियाट गेली असेच होते. येथे कोणाची फसवणूक नव्हती, कारण गाडी एकच होती आणि दोन्ही नावे सर्वांना ठाऊक होती.

आता मोनोग्राम काढण्याविषयी. काढणे हे काम सोपे आहे. त्या तरुणाने आम्हाला करून दाखविले. केस वाळवायच्या यंत्राने अक्षरांवर गरम हवा सोडायची, खालचा गोंद मऊ झाला की मासेमारीचा तंगूस अक्षरांच्या मागून करवतीसारखा फिरवायचा. अक्षरे हातात येतात. राहिलेला चिकटा बोटाने चोळून काढायचा आणि वर पॉलिश मारायचे. पाच-सात वर्षे उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर मात्र अक्षरांखालचा रंग ताजा राहिलेला असतो आणि अक्षरे गेली तरी त्यांची सावली राहते. काही मोनोग्रामला मागे खुंट्या असतात. ते काढले की पत्र्याला भोके उरतात आणि ती बुजविली नाहीत तर पावसाचे पाणी आत जाऊन गंज धरतो.

आपल्या स्वतःच्या गाडीवरची अक्षरे काढण्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. कोणाला गाडी साधी दिसावी असे वाटते, कोणाला धुताना अक्षरांत अडकणाऱ्या मळाचा कंटाळा असतो, कोणाला आपल्याकडे किती महाग गाडी आहे हे शेजाऱ्याला कळू द्यायचे नसते. जर्मनीत तर काही कंपन्यांची नवी गाडी नोंदवतानाच मॉडेलची अक्षरे नकोत असे सांगता येते आणि कारखान्यातून गाडी तशीच बाहेर पडते. आरटीओलाही याचे देणेघेणे नाही. आरसीमध्ये कंपनी, मॉडेल, इंधन, रंग, आसने, इंजिन नंबर, चॅसिस नंबर यांची नोंद असते, पाठीवरच्या अक्षरांची नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आहे. पण प्लास्टिकची चार अक्षरे काढणे म्हणजे रचनेत बदल नव्हे.

लावण्याची गोष्ट वेगळी आहे. येथे दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे नुसता दिखावा. स्कॉर्पिओ ही आपल्या नाशिकच्या कारखान्यातून २००२ पासून बाहेर पडलेली गाडी. २०१४ नंतर तिच्या प्रती एस-२, एस-४ पासून एस-१० पर्यंत ओळखल्या जाऊ लागल्या. कोणी एस-४ घेतो आणि महिन्याभरात तिच्यावर एस-१० लावतो. विकायची नसते, फक्त लग्नाच्या मांडवाबाहेर उभी करायची असते. जे आपल्याजवळ नाही ते असल्याचा आव आणणाऱ्या माणसाला हदीसमध्ये खोटेपणाच्या कपड्यांची उपमा दिली आहे. आम्ही कापडवाले असल्यामुळे ही उपमा आम्हाला जरा जास्तच लागते. पण या दिखाव्यात नुकसान होते ते बहुधा त्याचे स्वतःचेच.

दुसरी पायरी बाजाराची. गाडी विक्रीला लागली की मोनोग्राम मालकाच्या वतीने बोलू लागतो. विकणारा तोंडाने एक शब्दही खोटे बोलत नाही. गिऱ्हाईक मागे जाऊन अक्षरे वाचतो आणि आपला अंदाज आपणच बांधतो. आमच्या तरुणाच्या गिऱ्हाइकाने हाच युक्तिवाद त्याला ऐकविला होता म्हणे, "मी कुठे काय बोललो?"

या युक्तिवादाला चौदाशे वर्षांपूर्वी उत्तर मिळालेले आहे. अरबस्तानच्या बाजारात बकरी किंवा उंटीण विकण्यापूर्वी काही लोक तिला दोन-तीन दिवस पिळत नसत. सड तट्ट फुगत, गिऱ्हाइकाला वाटे जनावर भरपूर दूध देणारे आहे. विकणारा काही बोलत नसे, फुगलेली कास बोलत असे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी याची मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला ते परत करण्याचा अधिकार दिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आले आहे. परत कसे करायचे, सोबत काय द्यायचे, या तपशिलात फिकहच्या इमामांत मतभेद आहेत. नाशकात हनफीही आहेत आणि कोकणी बंधू शाफई, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावे. पण हे कृत्य फसवणूक आहे आणि हराम आहे यात मतभेद नाहीत. एलएक्सआयवर लावलेला झेडएक्सआय म्हणजे न पिळलेली कासच आहे.

आणि येथे प्रश्न फक्त चाळीस-पन्नास हजारांचा नाही. त्या सालच्या स्विफ्टमध्ये झेडएक्सआयला पुढे दोन एअरबॅग होत्या, ब्रेकसाठी एबीएस होते. एलएक्सआयमध्ये यांपैकी काही नव्हते. आपल्या देशात चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, आणि एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. त्याआधीच्या गाड्यांत ही साधने आहेत की नाहीत हे प्रतीवर अवलंबून होते, आणि प्रत कळते अक्षरांवरून. म्हणजे चिकटविलेल्या अक्षरांनी बापाला सांगितले की तुझ्या मुलाबाळांपुढे एअरबॅग आहे, आणि ती नाही. इगतपुरीच्या घाटात हे कळून उपयोग काय?

गॅसच्या गाडीतही हेच. कंपनीने बसविलेले सीएनजी आणि बाहेर बसविलेले किट यांच्या किमतीत फरक असतो, म्हणून बाहेरचे किट असलेल्या गाडीवर कंपनीच्या सीएनजीचे चिन्ह लावून देण्याची मागणी येते. घेणारा समजतो की कंपनीनेच बसविले आहे, आणि टाकीची चाचणी केव्हा झाली हे विचारतच नाही. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

कायद्याविषयी आमच्या बाजारात एक समज आहे की मोनोग्रामवर कोणताच कायदा नाही. हा समज महागात पडू शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचे ते सांगितले आहे. माल अमुक दर्जाचा, प्रतीचा किंवा मॉडेलचा आहे असे खोटे भासविणे त्यात स्पष्ट येते. जुन्या गाड्या विकणारा व्यापारी या कायद्याखाली सापडतो. दुसरा कायदा १९९९ चा ट्रेडमार्क कायदा. कंपनीचे चिन्ह परवानगीवाचून बनविणे, मालावर खोटे चिन्ह किंवा खोटे व्यापारी वर्णन लावणे यासाठी कलम १०३ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. फसविण्याचा हेतू नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच टाकले आहे. असा माल विकणाऱ्यासाठी कलम १०४ आहे. आपल्या दुकानांत ठोकाने येणारे जे मोनोग्राम असतात ते बहुतेक कंपनीने बनविलेले नसतात, ही गोष्ट दुकानदाराला पक्की ठाऊक असते. अपघातात अक्षरे तुटली आणि कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवरून बिल घेऊन तीच अक्षरे आणून लावली, तर त्यात कोणी बोट ठेवणार नाही. याखेरीज उघड लबाडी असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. जुन्या दंडविधानात हेच चारशे वीस होते. नंबर बदलला, काम तेच.

एका ठिकाणी मात्र देशाचा कायदा आणि शरीअत यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि व्यापाऱ्याने ही जागा नीट समजून घ्यावी. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली एक उदाहरण दिले आहे. एक जण लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो की ही फसवणूक नाही, कारण नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, बोलण्याचे कर्तव्य असेल ती गोष्ट निराळी. इस्लामच्या शिकवणीत बोलण्याचे हे कर्तव्य प्रत्येक विकणाऱ्यावर आहे. ऐब माहीत असेल तर सांगितलाच पाहिजे. म्हणून ज्याने आपल्या आवडीने एलएक्सआयची अक्षरे काढून टाकली आहेत, त्याला वकील सांगेल की तू विकताना गप्प राहिलास तरी चालेल. आम्ही म्हणू की चालणार नाही. कोरी पाठ पाहून गिऱ्हाईक चढी प्रत समजत असेल तर त्याला थांबवून खरी प्रत सांगावी.

जो विकत नाही, फक्त शेजारी उभा आहे, त्याचे काय? मेकॅनिक लोकांना हा प्रश्न नेहमी पडतो. सहाबी हजरत वासिला (रजि.) यांची एक हकीकत सांगितली जाते. बाजारात एकाने उंटीण विकली, ते जवळ उभे होते. घेणारा निघाला तेव्हा त्यांनी त्याला हाक मारून विचारले की मांसासाठी घेतली की प्रवासासाठी. तो म्हणाला, प्रवासासाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की हिच्या खुरात छिद्र आहे, ही लांबचा पल्ला चालणार नाही. सौदा मोडायची वेळ आली, विकणाऱ्याला किंमत उतरवावी लागली आणि तो त्यांच्यावर रागावला. पण ज्याला ऐब माहीत आहे त्याने गप्प राहू नये हीच शिकवण असल्याचे त्यांनी सांगितले. गाडी बघायला नेलेल्या मेकॅनिकला दलाल शंभर-दोनशे रुपये देऊन गप्प करतो, हे आपल्याकडे रोज घडते. त्या पैशांना बाजारात चहापाणी म्हणतात.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. अक्षरे वाचून सौदा करू नये. आरसी हातात घ्यावी, बहुतेक आरसीत मॉडेलच्या नावापुढे प्रतही लिहिलेली असते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तरी मॉडेल दिसते. विम्याचा कागद हा आणखी चांगला साक्षीदार आहे, कारण विम्याची रक्कम प्रतीवरून ठरते. तरीही शंका राहिली तर चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावे. हा नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात नसतात. पहिली तीन अक्षरे बनविणाऱ्याची असतात, उदाहरणार्थ मारुतीची एमए३ आणि महिंद्रची एमए१. पाठीवरची अक्षरे बदलायला पाच मिनिटे लागतात, पत्र्यात कोरलेला हा नंबर बदलणे हा मोठा गुन्हा आहे आणि तो करण्याची हिंमत सहसा कोणी करीत नाही. एअरबॅगसाठी किल्ली फिरवून पाहावी. इंजिन चालू होण्यापूर्वी एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर एकतर एअरबॅग नाही किंवा कोणीतरी दिव्याशी खेळ केला आहे. स्टिअरिंगवर कव्हर चढविलेले असेल तर काढायला सांगावे. आणखी एक. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आला आहे. व्यापाऱ्याकडे ते आहे का, हे विचारायला लाज वाटू देऊ नये.

आता आमचा स्वतःचा एक ऐब सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील कापडवाला मोटारवाल्यांना शहाणपण शिकवतो. सुमारे १९९० चे साल असेल. आम्ही नुकतेच दुकानात बसू लागलो होतो. त्या काळी मिलचा माल आला की ताग्याच्या काठावर मिलचे नाव छापलेले असे आणि विणीत दोष असलेल्या ताग्यावर सेकंड्सचा शिक्का असे. असा माल स्वस्त मिळायचा. आमच्याकडे शर्टिंगचे चार तागे आले होते, शिक्का फक्त टोकाला होता. आम्ही टोकाचा अर्धा मीटर कात्रीने कापला, आणि शिक्का नाहीसा झाला. सिन्नरच्या एका शिंप्याने दोन तागे फर्स्टच्या भावाने नेले. आम्ही खोटे काही बोललो नाही. त्याने विचारलेच नाही. संध्याकाळी अब्बांना टोपलीत कात्रण सापडले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्यांनी आम्हाला भावातल्या फरकाचे पैसे देऊन सिन्नरला पाठविले. त्या शिंप्याने तोवर सहा शर्ट बेतले होते आणि दोन शर्टांच्या पाठीवर तुटलेला धागा आला होता. त्याने पैसे घेतले, चहाही पाजला, पण त्यानंतर तो आमच्या दुकानी कधी आला नाही.

अब्बांनी पुढे कधीतरी इमाम अबू हनीफा (रह.) यांची गोष्ट सांगितली. कूफ्याचे हे थोर इमाम स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रांत आले आहे की त्यांनी भागीदार हफ्स यांच्याकडे माल पाठविला आणि एका कपड्यात ऐब आहे, विकताना सांगा, असे बजावले. हफ्स विसरले. घेणारा कोण होता तेही आठवेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली. फक्त त्या कपड्याची नव्हे, सगळ्या मालाची.

हीच गोष्ट आम्ही द्वारकेच्या तरुणाला सांगितली. तो म्हणाला, "मग चाचा, तीनशे रुपये सदका करतो आणि मोकळा होतो." आम्ही म्हटले, इमामांना घेणारा सापडत नव्हता. तुझा तर सापडू शकतो, आधी त्याला शोध. त्याच्या मोबाइलमध्ये काम केल्याचा फोटो होता आणि फोटोत नंबर होता. आम्ही दोघे त्या जुन्या गाड्यांच्या दुकानी गेलो. दुकानदाराने पुष्कळ आदळआपट केली, तुम्ही माझा धंदा बसविता म्हणाला. पण आमचे वय पाहून आणि ग्राहक मंचाचे नाव ऐकून त्याने फोन नंबर दिला.

गाडी ओझरच्या एका गृहस्थाने घेतली होती. पोरांना शाळेत सोडण्यासाठी. ते पुढच्या रविवारी गाडी घेऊन आले, सोबत पत्नी होत्या. तरुणाने आरसी उघडून त्यांना एलएक्सआय हा शब्द दाखविला आणि ती अक्षरे आपणच लावली हे सांगितले. गृहस्थ भडकले, आणि ते साहजिक होते. आरसी त्यांच्याच खिशात होती, पण ती त्यांनी वाचली नव्हती. पुढे दुकानदाराशी बोलाचाली होऊन पंचवीस हजार परत देण्याचे ठरले. त्यांतले पंधरा हजार मिळाले आहेत, दहा बाकी आहेत.

मग तरुण म्हणाला, "भाईसाहेब, पाच मिनिटे थांबा, ही अक्षरे काढून देतो. पैसे नकोत." गृहस्थांनी गाडीच्या पाठीकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या. दोन-तीन वर्षांनी मलाही विकायचीच आहे."

त्यांच्या पत्नी मागच्या आसनावर बसल्या होत्या. त्यांनी काच खाली करून विचारले, एअरबॅग नाहीत म्हणजे पुढे बसणाऱ्या पोराला काय? कोणी उत्तर दिले नाही. तरुणाने आत जाऊन बिलाचे पुस्तक आणले आणि कोऱ्या बिलावर गाडीचा नंबर घालून लिहिले की ही गाडी मूळ एलएक्सआय आहे, झेडएक्सआयची अक्षरे या दुकानातून लावलेली आहेत. खाली सही केली आणि तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवायला दिला. गृहस्थांनी तो घेतला. त्यांनी तो पाकिटात ठेवला की नाही ते आम्ही पाहिले नाही. ठोकाने आणलेल्या मोनोग्रामचा डबा अजून त्या दुकानाच्या माळ्यावर आहे. मालवाला परत घेत नाही, बदल्यात मॅट देतो म्हणतो.